पंप खाली ठेवला तो हिवाळा

पपईवर पांढरी कीड दिसली की कुणाचा ना कुणाचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ताई, औषध कोणतं मारू?” प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही, आणि अर्धवट सांगितलेलं उपयोगाचं नाही. म्हणून २०१०-११ च्या हंगामात आमच्या बागेत जे घडलं ते नीट लिहून काढते आहे. पिठ्या ढेकूण, किंवा दुकानदार म्हणतात तसा मिलीबग, ज्यांच्या बागेत आज आहे त्यांनी घाई न करता शेवटपर्यंत वाचावं, एवढी विनंती.

आमची शेती दौंड तालुक्यात, भीमेच्या पाण्यावर. मुख्य पीक ऊस. २०१० च्या सुरुवातीला उसाचं एक रान मोडून तिथे तैवान ७८६ पपई लावली. ठिबक नवं होतं, रोपं जोमदार मिळाली होती आणि पावसाळ्यात झाडं डोक्याच्या वर गेली. बांधाला मोगली एरंडाचं कुंपण होतं. बायोडिझेलची चर्चा जोरात होती तेव्हा लावलेलं. हे कुंपण पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

पाऊस ओसरल्यावर खुरपणी चालली होती. बायकांपैकी एकीने हाक मारली, “वैनी, हिकडं या, पानामागं पांढरं काय धरलंय बघा.” पान उलटून पाहिलं तर मधल्या शिरेला लागून, देठापर्यंत, पांढरा थर. बोटाने दाबला तर पिवळा चिकट रस निघाला. खालच्या पानांवर चिकटा पडलेला, त्यावर काळी बुरशी धरू लागलेली, आणि खोडावरून मुंग्यांच्या रांगा वर चाललेल्या. शेंड्याची कोवळी पानं आखडली होती.

सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, “मावा असंल, मारा एक पंप.” पंप मारला. दोन-तीन दिवस पानं धुतल्यासारखी स्वच्छ दिसली. पंधरवड्यात पहिल्यापेक्षा जास्त. दुकानातून दुसरं औषध आलं, मग तिसरं. दर वेळी तेच. तोपर्यंत कीड पानांवरून फळांच्या देठापाशी पोचली होती. पपईची फळं खोडाला लगटून, एकमेकांना चिकटून असतात, त्या खाचांमध्ये ती जाऊन बसली. तिथे फवारा पोचतच नाही. पहिल्या तोड्याला व्यापारी आला, फळ हातात घेतलं, अंगठ्याने चिकटा पाहिला आणि निम्म्याहून कमी भाव सांगितला. त्यातही काळं पडलेलं फळ घेणार नाही म्हणाला. रद्दी पेपरात गुंडाळून ठेवलेली फळं आम्ही पुन्हा सोडून गुरांपुढे टाकली.

औषध का लागू पडत नव्हतं, ते पुढे समजलं. हा किडा खवले किडींच्या गोत्रातला. मादीला पंख नसतात. एकदा सोंड पानात खुपसली की ती सहसा तिथेच राहते, रस शोषते आणि अंगावर मेणाची भुकटी धरते. पाणी त्या मेणावरून ओघळून जातं. अंडी असतात ती मादीच्या मागे मेणाच्या धाग्यांनी विणलेल्या पिशवीत, शंभरापासून सहाशेपर्यंत. तिथपर्यंत औषध जात नाही. त्यामुळे पंप मारला की उघड्यावरची बारकी पिल्लं मरतात, त्यांना खाणारे ढालकिडे मरतात, आणि पिशवीतली अंडी शाबूत राहतात. आठ-दहा दिवसांत ती फुटली की रान मोकळंच.

आमच्या यांनी शेवटी किडीची पानं दुहेरी पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधली आणि आम्ही दोघं पुण्याला कृषी महाविद्यालयात गेलो. तिथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं जैविक कीड नियंत्रणाचं काम चालतं. उसाला लावायची ट्रायकोकार्डं, म्हणजे मित्रकिडीची कार्डं, तिथली आम्हाला माहीत होती, म्हणून पाय तिकडे वळले.

ज्या सरांनी पानं पाहिली त्यांनी पिशवी न उघडता आधी विचारलं, “गाव कुठलं?” मग पान बाहेर काढून सुईच्या टोकाने काही माद्या उचलल्या आणि अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकल्या. पिवळसर किडे होते ते. थोड्या वेळाने बाटली उजेडाला धरली तर त्यांचा रंग निळसर काळा पडू लागला होता. सर म्हणाले, द्राक्षावर आपल्याकडे जो गुलाबी पिठ्या ढेकूण येतो तो दाबला तर लालसर रस निघतो. हा पिवळा, आणि अल्कोहोलमध्ये काळा पडणारा. पक्की ओळख काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखालीच होते, पण त्यांना शंका उरलेली दिसली नाही. शास्त्रीय नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, पॅराकॉकस मार्जिनेटस. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

त्या दिवशी जे ऐकलं त्याने माझं या किडीकडे पाहणंच बदललं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. ही कीड मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तिकडे ती कधी कुणाला फारशी जाणवलीही नाही. १९९० नंतर ती कॅरिबियन बेटांवर पसरली, १९९८ मध्ये फ्लोरिडात सापडली, मग प्रशांत महासागरातल्या ग्वाम, पलाऊ, हवाई बेटांवर. भारतात ती पहिल्यांदा २००८ मध्ये कोईमतूरला दिसली. तामिळनाडूत तिने पपई तर खाल्लीच, पण तुती खाल्ली आणि रेशीमवाले अडचणीत आले, आणि टॅपिओका खाल्ला. आपल्याकडच्या उपासाचा साबुदाणा मुख्यतः सेलमच्या बाजूच्या त्या टॅपिओकापासूनच होतो. चतुर्थीला खिचडी भिजवताना आपल्याला त्या रानाची कल्पनाही नसते. तिथून केरळ, कर्नाटक आणि मग आपलं पुणे.

मी विचारलं, तिकडे मेक्सिकोत ही त्रास का देत नाही? सर म्हणाले, तिकडे तिला खाणारे आहेत, आपल्याकडे आली ती एकटी आली. आणि त्यांनी गाजर गवताचं उदाहरण दिलं. ते तर आमच्या ओळखीचं. १९५५ च्या सुमाराला पुण्यातच ते पहिल्यांदा नजरेत भरलं आणि पुढे देशभर गेलं. त्याच्यावरचा मेक्सिकन भुंगा ऐंशीच्या दशकात बंगळूरूला आणला, आपल्याकडेही सोडला. पावसाळ्यात गाजर गवताची पानं कुरतडलेली दिसतात ती त्याच्याच पिल्लांची करणी. आता गंमत अशी की पपई मूळची तिकडची, गाजर गवत तिकडचं, हा पिठ्या ढेकूण तिकडचा, आणि तो गाजर गवतावरही आनंदाने वाढतो. चार शतकांपूर्वी पोर्तुगीजांनी आणलेलं झाड आणि त्याच्याच मुलखातला किडा आमच्या बांधावर येऊन भेटले होते.

त्याचा शत्रूही तिकडून आणला गेला. पोर्तो रिकोतल्या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतून तीन जातींच्या परोपजीवी माश्या, म्हणजे किडीच्या अंगात अंडी घालून तिला मारणाऱ्या, २०१० च्या जुलैत बंगळूरूच्या शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत आल्या. तेव्हा तिचं नाव एनबीएआयआय होतं, आता एनबीएआयआर आहे. तिथे त्या बंदिस्त ठेवून आधी तपासल्या: रेशीमकिड्याला धोका आहे का, आपल्या दुसऱ्या मित्रकिडींना त्रास देतात का. कोंब आलेल्या बटाट्यांवर पिठ्या ढेकूण वाढवायचा आणि त्यावर माश्या वाढवायच्या, अशी तिथली पद्धत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तामिळनाडूत सोडायला सुरुवात झाली आणि पुण्यालाही काही आल्या. तिन्हींतली एक आपल्याकडे सर्वांत जास्त रुजली, एसेरोफेगस पपाई. आम्हाला मिळाली ती हीच.

आबांना पटवणं सोपं गेलं असतं असं नाही, पण २००२ चा लोकरी मावा त्यांच्या लक्षात होता. सांगलीकडून तो मावा उसावर आला आणि सगळीकडे पांढरंधोप झालं होतं. तेव्हाही औषधाचे हात टेकले होते आणि शेवटी डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकिडींनी तो आटोक्यात आणला. अळ्या असलेली उसाची पाती लोक एका गावाहून दुसऱ्या गावाला नेत. आबांनी स्वतः नेली होती. मी एवढंच म्हटलं, “आबा, हे पपईचं तसंच आहे.” त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग पंप बंद.”

माश्या मिळण्याआधी बाग तयार करायची होती. सरांनी सांगितलेलं पहिलंच वाक्य शेतकऱ्याच्या गळी उतरायला कठीण होतं. कीड सगळी काढायची नाही. माशीला अंडी घालायला पिठ्या ढेकणाची पिल्लं लागतात, तीही दुसऱ्या अवस्थेतली. बाग साफ केली तर माशी उपाशी मरेल. म्हणून ज्या झाडांची पानं पार गळायला आली होती तीच पानं काढली, खड्ड्यात पुरली, आणि मध्यम कीड असलेली झाडं तशीच ठेवली. मोगली एरंडालाही हात लावला नाही. खरं तर आम्ही ते कुंपण उपटायला निघालो होतो, कारण त्याच्या पानांमागे पपईपेक्षा जास्त पांढरा थर होता. सर म्हणाले, तिथे कुणी फवारत नाही ना, मग तीच माशीची खरी जागा. बागेत काही चुकलं तरी कुंपणात ती जिवंत राहील.

दुसरं काम मुंग्यांचं. मुंग्या किडीने सोडलेला गोड चिकटा खायला येतात आणि त्या बदल्यात किडीची राखण करतात. ढालकिडा आला की त्याला हुसकतात, माशी बसली की तिला टिकू देत नाहीत. पपईचं खोड नाजूक असतं, त्याला थेट काही फासायचं नाही. आम्ही पॉलिथिनच्या पट्ट्या खोडाला गुंडाळल्या आणि त्या पट्ट्यांवर ग्रीस लावलं. झाडाला टेकलेलं गवत काढलं, कारण गवताची काडी टेकली तरी मुंगीला पूल मिळतो.

तिसरं, कपड्यांचं. अंड्यातून निघालेली पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात आणि त्या वयातच ती सगळ्यांत जास्त फिरतात. वाऱ्याने उडतात, खुरप्याला, टोपलीला, साडीच्या पदराला चिकटतात. आमच्याकडच्या बायका सकाळी आमच्या पपईत आणि दुपारी दुसऱ्याच्या वांग्यात कामाला जात. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग क्रम बदलला, किडीचं रान शेवटी. जुनी शर्टं रानातल्या खोपीत ठेवली, आत जाताना साडीवर घालायची, निघताना तिथेच काढायची. बायकांनी कुरकूर केली नाही. वांग्यावरही ही कीड येते, तुरीवर येते, जास्वंदीवर येते, हे त्यांनी स्वतःच्या दारात पाहिलं होतं.

माश्या मिळाल्या त्या एका प्लास्टिकच्या कुपीत. आत शंभराच्या आसपास, झाकणाच्या आतल्या बाजूला मधाची बारीक रेघ, त्यांच्या खाण्यासाठी. मिलिमीटरभरही लांबी नाही, रंग नारिंगी. कुपी हातात घेतल्यावर पहिल्यांदा तर आत काही आहे यावरच विश्वास बसला नाही. संध्याकाळी ऊन कललं, वारा पडला, तेव्हा बागेत गेलो. कीड असलेल्या पानाखाली कुपी धरायची, झाकण उघडायचं, तळाला हलकी टिचकी मारायची, पुढच्या झाडाकडे जायचं. थोड्या कुंपणात सोडल्या. एका पानावर एक माशी उतरली ती मी भिंगातून पाहत राहिले. मिशा खाली टेकवत ती एका पिल्लाकडून दुसऱ्याकडे गेली, एका पिल्लापाशी थांबली, वळली आणि शरीराचं मागचं टोक त्याला लावलं. क्षणभरच. एवढ्याशा जीवाने काय होणार, असं शेजारी उभ्या असलेल्या मजुराने विचारलं. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

यानंतरचा काळ या सगळ्या कामातला सर्वांत कठीण, आणि सगळं त्यावरच अवलंबून. करायचं काहीच नव्हतं. रोज सकाळी बागेत जायचं आणि कीड तशीच दिसायची. फळं खराब होत होती. दुकानदार वाटेत भेटला की नव्या औषधाचं नाव सांगायचा. घरात जेवताना विषय निघायचा आणि यांच्या मनातली चलबिचल मला कळायची, कारण बँकेचा हप्ता डोळ्यांसमोर होता. एका हंगामाचं पीक डोळ्यांदेखत कमी होताना कोपऱ्यातल्या पंपाला हात लावायचा नाही, याला काय लागतं ते शेतकऱ्यालाच समजेल. म्हणूनच मला राग येतो, कुणी सहज म्हणतं ना, “शेतकरी उगाच औषधं मारतात.” उगाच कुणी मारत नाही. थांबण्याची जोखीम त्याची एकट्याची असते.

एकट्याचं रान थांबूनही भागणार नव्हतं. ओढ्यापलीकडे बापूंची पपई होती आणि ते दर आठवड्याला फवारत होते. वारा तिकडून आमच्याकडे. बापू नात्याने आमच्या आबांचे चुलतभाऊ, त्यांना मी सांगणं बरं दिसलं नसतं. आबा आणि मी दोघं गेलो. आबा म्हणाले, “बापू, महिनाभर थांब. तुझं नुकसान झालं तर माझ्या उसातून भरून देतो.” बापू काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पंप बंद झाला. पुढे मंदिरासमोर पारावर बसून वाडीतल्या बाकीच्या पपईवाल्यांशीही बोलणं झालं. सगळे तयार झाले असं नाही. दोघांनी फवारणी चालूच ठेवली, त्यांच्या बाजूला आम्ही माश्या सोडल्या नाहीत.

पहिला बदल दिसला तो कुंपणात. एरंडाच्या पानामागे पांढऱ्या थरात मधेच फुगलेले, तपकिरी, कडक झालेले किडे. अंगावरची मेणाची भुकटी विरळ झालेली. भिंग धरलं तर काहींच्या टोकाला नीट गोल भोक. त्या भोकातून माशी बाहेर पडून गेलेली. याला ममी म्हणतात. माशीचं अंडं किड्याच्या अंगात फुटतं, अळी त्याला आतून खाते, आणि उरलेल्या कातडीत कोषावस्था काढते. दोन-अडीच आठवड्यांत नवी माशी. पिठ्या ढेकणाच्या पिढीला महिना लागतो. हा हिशोब डोक्यात बसला तेव्हा धीर आला. माशीला वेळ दिला तर ती पुढे जाणारच होती, प्रश्न फक्त आम्ही तो वेळ देतो का, एवढाच होता.

मी ती पानं घेऊन बापूंकडे गेले. त्यांना चष्मा लागतो, वर भिंग धरलं, तरी आधी दिसेना. मग दिसलं. त्यांनी पान उन्हाकडे वळवून बराच वेळ पाहिलं आणि घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. वाडीत त्या दिवसानंतर मला फार बोलावं लागलं नाही. फवारणाऱ्या दोघांपैकी एकजण स्वतःहून भिंग मागायला आला.

बागेत आणखी एक पाहुणा सापडला, तो कुणी सोडलेला नव्हता. पांढऱ्या थराच्या आत, तेच मेण अंगावर घेतलेली एक चपटी अळी, पिठ्या ढेकणाची अंडी खात बसलेली. पटकन पाहिलं तर कीडच वाटते. काही दिवसांनी पानावर तिचा कोष दिसला, त्याच्यावर माकडाचा चेहरा कोरल्यासारखी नक्षी. सरांना दाखवल्यावर कळलं की ही स्पाल्जिस नावाच्या फुलपाखराची अळी. फुलपाखराची अळी म्हणजे पानं खाणारी असंच आपण धरून चालतो, पण ही मांसाहारी. ती आपल्याच देशातली आहे, आणि फवारणी बंद झाल्यावर स्वतःच आली. जी अळी दिसेल ती चिरडायची सवय आमच्या मजुरांना होती, ती त्या कोषामुळे मोडली. लहान मुलं तर तो कोष शोधत बागेत फिरू लागली.

हिवाळा सरता सरता शेजारच्या गावांतून लोक येऊ लागले. ममी असलेली पानं द्या म्हणायचे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात अजूनही लोक गडबड करतात. ममीच्या पानावर जिवंत कीडही असते. जिथे कीड आधीच आहे तिथेच असं पान न्यावं. जिथे नाही तिथे नेलं तर माशीबरोबर कीडही नेलीत. आम्ही यावर एक उपाय केला. पुठ्ठ्याचा खोका घेतला, फटींना चिकटपट्टी लावून आत पूर्ण अंधार केला, आणि एका बाजूला भोक पाडून काचेची नळी बसवली. आत ममीची पानं. बाहेर पडलेल्या माश्या उजेडाकडे येतात, म्हणजे नळीत. नळी काढताना भिंगातून पाहायचं की आत किडीची पिल्लं तर नाहीत, मग तोंडाला कापसाचा बोळा आणि मधाचा थेंब. ही युक्ती आमची नव्हे, प्रयोगशाळेत असाच खोका असतो, आम्ही तो घरात बनवला. सकाळी नळीत नारिंगी ठिपके हलताना दिसले की यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी उसाच्या विक्रमी उताऱ्यालाही पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात धाकधूक होती, कारण कोरड्या, गरम हवेत ही कीड फोफावते. थोडी वाढलीही. पण माश्याही बरोबरीने वाढल्या. २०११ चा पाऊस सुरू झाला तोपर्यंत नवी पानं स्वच्छ निघत होती, शेंडे मोकळे झाले होते, मुंग्या खोडावरून नाहीशा झाल्या होत्या, कारण वर चिकटाच उरला नव्हता. शोधायला गेलं तर कुठेतरी देठापाशी किडीचे चार ठिपके दिसायचे, आणि त्यांतले दोन-तीन ममी. कीड संपली नव्हती. आजही संपलेली नाही, आणि संपणारही नाही. ती तेवढी राहते म्हणून माशी राहते.

आर्थिक बाजू लपवत नाही. त्या पहिल्या बागेतला पैसा गेला तो गेला. सुरुवातीचे तोडे मातीमोल गेले, शेवटचे बऱ्या भावाने पुण्याच्या गुलटेकडी बाजारात पोचले, लागवडीचा खर्च कसाबसा निघाला. फरक पुढच्या लागवडीत दिसला. तेव्हापासून पिठ्या ढेकणासाठी आमच्या रानात एकही फवारणी झालेली नाही. पपईचा खरा वैरी आता विषाणूरोग आहे, त्याचं दुखणं वेगळं आणि त्यावर कुठलीही माशी नाही.

हे सगळं जुनं वाटेल, पण असले पाहुणे येतच राहतात. २०२० मध्ये केरळात त्रिशूरजवळ टॅपिओकावर आणखी एक परका पिठ्या ढेकूण सापडला. तो दक्षिण अमेरिकेतला, आधी आफ्रिकेत धुमाकूळ घालून आलेला. त्याच्यासाठी बंगळूरूच्या त्याच संस्थेने आफ्रिकेतल्या बेनिनमधून दुसरी परोपजीवी माशी आणली आणि २०२२ मध्ये तामिळनाडूत सोडली. बातमी वाचली तेव्हा मला तिथल्या एखाद्या बाईची आठवण आली, जी त्या आठवड्यांत रोज सकाळी रानात जाऊन पानं उलटून पाहत असेल आणि घरच्यांना थांबा म्हणत असेल.

आता ज्यांच्या बागेत पांढरं दिसलं आहे त्यांच्यासाठी. आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, ते फार महाग नसतं. पान उलटा आणि तपकिरी, फुगलेले, भोक पडलेले किडे आहेत का पाहा. ही माशी आता आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मुरलेली आहे, त्यामुळे ती तुमच्या बांधावर आधीच असण्याची शक्यता मोठी. असेल तर पंप उचलू नका, मुंग्यांचा बंदोबस्त करा आणि थांबा. दुसऱ्या किडीसाठी फवारावंच लागलं तर सगळ्या रानावर मारू नका, जिथे ममी दिसतात ती झाडं आणि बांध सोडा. ममी अजिबात सापडत नसतील तर किडीची पानं घट्ट बंद पिशवीत घालून जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या कीटकशास्त्र विभागात न्या, आणि नेताना शेवटची फवारणी कधी, कशाची झाली ते कागदावर लिहून न्या. तिथे पहिल्यांदा तेच विचारतात. शेजाऱ्याशीही त्याच दिवशी बोला, त्याचा पुढचा पंप भरायच्या आत.